दूरच्या यंत्राचे दार



रेल्वेच्या आरक्षण-खिडकीपुढील रांगेत आपण सारेच केव्हा ना केव्हा उभे राहिलो आहोत. काचेपलीकडचा कारकून कळफलकावर चार अक्षरे दाबतो, पडद्यावर रिकाम्या जागांचा तपशील उमटतो आणि शेजारच्या यंत्रातून तिकीट सरकत बाहेर येते. पाहणाऱ्यास वाटते की हे सारे त्या टेबलावरील यंत्रानेच केले. वस्तुतः गाडीची यादी त्या यंत्रात नसतेच. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशा पाच ठिकाणी रेल्वेने आरक्षणाचे मोठे संगणक उभारले; १९९९ मध्ये ही पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली आणि कोणत्याही केंद्राच्या खिडकीवरून दुसऱ्या केंद्राकडील गाडीचे तिकीट काढता येऊ लागले. कारकुनाची बोटे एका गावी आणि ती ज्या यंत्राला कामास लावतात ते यंत्र शेकडो मैल दूर, अशी ही व्यवस्था आहे. आज ज्या गोष्टीचा इतिहास आपल्यापुढे मांडावयाचा आहे ती हीच : एका ठिकाणी बसून दुसऱ्या ठिकाणच्या संगणकाकडून काम करून घेणे.

हा इतिहास सांगताना बहुधा अंतरावर केलेल्या मातीचा, म्हणजे मनुष्याने अंतर जिंकल्याचा, गौरव केला जातो. तो मला काहीसा अनाठायी वाटतो. अंतराचा प्रश्न फार लवकर, जवळजवळ पहिल्याच प्रयत्नात सुटला. दुसरा एक प्रश्न मात्र पन्नासावर वर्षे रेंगाळला आणि तो पुरता सुटला असे आजही म्हणता येत नाही. हुकूम देणारा कोण आहे, हे दूरच्या यंत्राने ओळखावे कसे, हा तो प्रश्न.

पहिला प्रयत्न १९४० चा. न्यूयॉर्कमधील बेल प्रयोगशाळेत जॉर्ज स्टिबिट्झ नावाचे गणितज्ञ होते. दूरध्वनीच्या जाळ्यासाठी लागणाऱ्या विद्युत्-मंडलांची आखणी करताना संमिश्र संख्यांचे गुणाकार-भागाकार ढिगांनी करावे लागत, आणि हे कंटाळवाणे काम हिशेबाची यंत्रे घेऊन बसलेल्या स्त्रिया दिवसभर करीत. स्टिबिट्झ यांनी १९३७ मध्ये घरी, स्वयंपाकघरातील टेबलावर, दूरध्वनीचे टाकाऊ रिले, विजेरीतले दिवे आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या जोडून दोन द्विमान अंकांची बेरीज करणारे एक लहानसे उपकरण बनविले. प्रयोगशाळेतील अभियंते सॅम्युएल विल्यम्स यांच्या साह्याने त्याच कल्पनेतून पुढे सुमारे साडेचारशे रिलेंचे गणकयंत्र उभे राहिले व १९४० च्या जानेवारीत ते कामास लागले. यंत्र एका बंद खोलीत असे. ते वापरण्यासाठी इमारतीत अन्यत्र तीन टेलिप्रिंटर ठेवलेले होते. म्हणजे दुरून वापरण्याची कल्पना त्या यंत्राच्या जन्मापासूनच त्यात होती, फक्त ते ‘दूर’ काही पावलांचे होते.

त्याच वर्षी ११ सप्टेंबर रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर या गावी, डार्टमथ महाविद्यालयात, अमेरिकन गणित परिषदेची सभा भरली होती. यंत्र उचलून तेथे नेणे शक्य नव्हते. तेव्हा स्टिबिट्झ यांनी सभागृहात एक टेलिप्रिंटर मांडला आणि तारेने तो सुमारे चारशे किलोमीटर दूर न्यूयॉर्कमधील यंत्रास जोडला. जमलेल्या गणितज्ञांनी एकामागून एक येऊन उदाहरणे टंकित केली आणि मिनिटाच्या आत उत्तरे कागदावर उमटली. प्रयोग पाहणाऱ्यांत नॉर्बर्ट वीनर होते. पुढे एनिॲक संगणकाच्या निर्मात्यांपैकी एक म्हणून प्रसिद्धीस आलेले जॉन मॉचली हेही होते. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या यंत्राने ‘आपण कोण ?’ असे कोणासही विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. तारेच्या दुसऱ्या टोकाशी एकच टेलिप्रिंटर होता आणि त्याच्याशेजारी यंत्राचा जनक स्वतः उभा होता.

अंतराचा प्रश्न किती अल्पावधीत गौण ठरला हे पाहावयाचे असल्यास त्याचे अगदी अलीकडचे टोक पाहावे. व्हॉयेजर-१ हे यान १९७७ मध्ये पृथ्वीवरून निघाले. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याच्याकडून येणारा मजकूर निरर्थक होऊ लागला. यानावरील तीन संगणकांपैकी एकातील स्मृतीची एक चिप निकामी झाली होती. यान तेव्हा सुमारे २,४०० कोटी किलोमीटर दूर होते. प्रकाशाच्या वेगाने निघालेला संदेश तेथे पोहोचण्यास साडेबावीस तास आणि उत्तर परतण्यास तितकेच तास. निकामी चिपमधील आज्ञावली जशीच्या तशी ठेवता येईल एवढी सलग जागा अन्यत्र नव्हती, म्हणून अभियंत्यांनी तिचे तुकडे करून ते स्मृतीत निरनिराळ्या ठिकाणी बसविण्याची योजना केली. १८ एप्रिल २०२४ रोजी पहिली आज्ञा सोडली, २० तारखेस यानाने उपाय लागू पडल्याचे कळविले. अर्ध्या शतकापूर्वीचा संगणक सूर्यमालेच्या सीमेपलीकडे, आणि त्याची दुरुस्ती कॅलिफोर्नियातील टेबलावरून ! या यानाशी बोलण्यास सत्तर मीटर व्यासाच्या तबकड्या लागतात आणि तसल्या तबकड्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तेथे अंतर हेच द्वारपाल आहे. पृथ्वीवरील यंत्रांच्या वाट्यास तसा द्वारपाल आला नाही.

पृथ्वीवरील कथेला वळण मिळाले ते दारिद्र्यामुळे. दारिद्र्य पैशाचे नव्हे, यंत्रांचे. १९५० च्या दशकात विद्यापीठांतही संगणक एखादाच असे. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यावा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यावयास यावे. एक स्वल्पविराम चुकला असल्यास पुन्हा गठ्ठा, पुन्हा एक दिवस. यावर मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत, म्हणजे एमआयटीत, फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोड काढली व १९६१ च्या नोव्हेंबरात ती करून दाखविली. यंत्राने आपला वेळ क्षणाक्षणांत वाटून अनेक जणांची कामे आळीपाळीने करावयाची, इतक्या चपळाईने की प्रत्येकास वाटावे यंत्र केवळ माझेच आहे. या रीतीला टाइम-शेअरिंग म्हणतात.

एक यंत्र आणि माणसे अनेक, असे होताच ओळखीचा प्रश्न प्रथमच उभा राहिला. कोणाचे कागद कोणाचे, आणि कोणी किती वेळ वापरला ? त्यासाठी प्रत्येकास एक परवलीचा शब्द देण्यात आला. आज आपल्या खिशातील दूरध्वनीपासून बँकेपर्यंत सर्वत्र जो पासवर्ड आपला पिच्छा पुरवितो, त्याचा संगणकातील उगम बहुधा येथेच. त्याची पहिली चोरीही तेथेच झाली. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्यास आठवड्यास मिळणारे चार तास पुरेनात. १९६२ मध्ये त्याने यंत्राला साऱ्यांच्या परवलीच्या शब्दांची फाइल छापण्यास सांगितले आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. १९६६ मध्ये तर एका गफलतीने ती संपूर्ण फाइलच, दिवसाच्या स्वागतसंदेशाच्या जागी, आत येणाऱ्या प्रत्येकाच्या टेलिप्रिंटरवर उमटू लागली. कोर्बाटो यांनी पुढे आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा प्रसंग स्वतःच सांगितला.

स्टिबिट्झ यांनी जेथे प्रयोग केला होता त्या डार्टमथमध्येच १ मे १९६४ च्या पहाटे जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ यांनी आपली टाइम-शेअरिंग पद्धती आणि तिच्यासाठी घडविलेली बेसिक ही भाषा चालू केली. संगणक हा गणितज्ञांपुरता न राहता साहित्याच्या विद्यार्थ्यालाही वापरता यावा, हा त्यांचा आग्रह होता. आसमंतातील शाळांनाही टेलिप्रिंटर व दूरध्वनीच्या तारेने ते यंत्र खुले झाले. शाळेच्या व्यासपीठावरून बोलताना आणखी एका शाळेचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. सिएटल येथील लेकसाइड शाळेत १९६८ मध्ये मुलांच्या मातांनी जुन्यापान्या वस्तूंची विक्री करून पैसा जमविला आणि त्यातून एक टेलिप्रिंटर व दूरच्या संगणकावरील काही वेळ विकत घेतला. त्या टेलिप्रिंटरपुढे तासन् तास बसणाऱ्या मुलांत बिल गेट्स आणि पॉल ॲलन ही दोन मुले होती. हीच मुले पुढे दुसऱ्या एका कंपनीच्या संगणकातील त्रुटी हेरून फुकट वेळ वापरताना सापडली आणि काही काळ त्यांना त्या यंत्रावर मज्जाव करण्यात आला, हेही नोंदविले पाहिजे.

येथवर एक टेलिप्रिंटर एकाच यंत्राशी बांधलेला असे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील संशोधन-विभागाचे अधिकारी रॉबर्ट टेलर यांच्या कार्यालयाशेजारी १९६६ मध्ये असे तीन टेलिप्रिंटर होते. एक एमआयटीचा, एक बर्कलेचा, एक सांता मोनिकाचा. तिहींच्या रीती निराळ्या. एकावरून उठून दुसऱ्यावर बसावयाचे, ही गैरसोय टेलर यांना सहन होईना. जो टेलिप्रिंटर माझ्यापुढे आहे त्यावरूनच मला हव्या त्या यंत्रापर्यंत जाता आले पाहिजे, या साध्या हट्टातून आर्पानेट हे जाळे उभे राहिले आणि त्यातूनच कालांतराने इंटरनेट. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहा वाजता लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ली क्लाइन हा विद्यार्थी पाचशे किलोमीटर उत्तरेकडील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या यंत्रात प्रवेश मागण्यासाठी ‘लॉगिन’ हा शब्द इंग्रजीत एकेका अक्षराने टंकित करू लागला. पलीकडे बिल ड्युव्हल दूरध्वनीवरून अक्षर पोहोचल्याचे सांगत होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र कोसळले. दुरुस्ती करून तासाभराने पुन्हा प्रयत्न केला तेव्हा प्रवेश मिळाला. या जाळ्यावरून गेलेला पहिला मजकूर पत्र नव्हता की बातमी नव्हती. परक्या यंत्राच्या दारावर मारलेली ती थाप होती.

या थापेची रीत ठरविणाऱ्या नियमांना टेलनेट असे नाव मिळाले. त्यांचे स्थिर रूप जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी मे १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. टेलनेटचा गुण त्याच्या साधेपणात होता आणि दोषही तेथेच. वापरणाऱ्याचे नाव, परवलीचा शब्द आणि सारा मजकूर जसा टंकला तसा, उघड्या पोस्टकार्डासारखा, वाटेतील प्रत्येक यंत्रातून पुढे जाई. जाळ्यावरील माणसे तेव्हा थोडी होती आणि पुष्कळशी एकमेकांस नावाने ओळखत. खेड्यातील घराला कडी नसावी तशीच ती स्थिती. मी त्या पिढीला दोष देणार नाही; खेड्याचे शहर कधी झाले हे खेड्यात राहणाऱ्यास सर्वांत शेवटी कळते.

ते कळविणारी घटना १९८६ च्या ऑगस्टात बर्कलेच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत घडली. क्लिफर्ड स्टोल हे मुळात खगोलशास्त्रज्ञ. संशोधनाचे अनुदान संपल्याने त्यांना संगणक-विभागात काम देण्यात आले होते. महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटांची तफावत येते, ती का येते ते पाहा, असे त्यांना सांगण्यात आले. पाऊण डॉलर ही रक्कम अशी की कोणीही खिशातून भरून हिशेब मिटविला असता. स्टोल यांनी तो मिटविला नाही. काही सेकंदांचा वापर कोणाच्याच नावे पडत नव्हता, एवढ्या धाग्यावरून त्यांनी शोध आरंभिला. शनिवार-रविवारी सहकाऱ्यांच्या रिकाम्या टेबलांवरील टेलिप्रिंटर व छोटे संगणक, न विचारता म्हणा, उचलून आणून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक तारेस त्यांनी एकेक जोडला आणि पाहुणा टंकीत असलेले प्रत्येक अक्षर कागदावर उतरवून घेतले. पाहुणा त्यांच्या यंत्रातून निघून लष्करी संगणकांची दारे ठोठावीत होता, आणि आश्चर्य असे की त्यांतील कित्येक दारे उत्पादकाने आरंभी दिलेल्या, कोणीच न बदललेल्या परवलीच्या शब्दांनी उघडत होती. त्याला फार वेळ तारेवर गुंतवून ठेवता यावे म्हणून स्टोल यांनी संरक्षण-प्रकल्पाच्या बनावट कागदपत्रांचे आमिष रचले. माग निघाला तो जर्मनीत. तेथील हॅनोव्हर शहरातील एका तरुणापर्यंत. तो आणि त्याचे साथीदार ही माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्यास विकीत होते. १९९० मध्ये त्यांना शिक्षा झाली. एका हॅनोव्हरमध्ये दूरच्या यंत्राचा पहिला प्रयोग आणि दुसऱ्या हॅनोव्हरमधून त्याचा हा दुरुपयोग, हा केवळ नावाचा योगायोग. पण स्मरणात राहण्यास उपयोगी.

आपल्या देशात सामान्य नागरिकास इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. त्या आरंभीच्या दिवसांत अनेकांनी घेतले ते ‘शेल’ नावाचे खाते. घरचा संगणक दूरध्वनीवरून निगमच्या मोठ्या यंत्राशी जोडावयाचा आणि काळ्या पडद्यावर अक्षरांत हुकूम टंकायचे. पत्रे वाचली जात ती तेथल्या यंत्रावर, घरच्या यंत्रावर नव्हे. म्हणजे भारतीय गृहस्थाची इंटरनेटशी पहिली भेट ही दूरच्या यंत्राचा वापर हीच होती, जरी तिला त्या नावाने कोणी ओळखत नसे.

त्याच वर्षी, काही आठवडे आधी, फिनलंडमध्ये या प्रश्नावरचे आजवरचे सर्वांत चांगले उत्तर निघाले होते. ते समजण्यासाठी आपल्याच घरातला एक शब्द हाताशी घेऊ : शिक्कामोर्तब. मराठेशाहीत पुण्याहून किंवा साताऱ्याहून निघालेले पत्र ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा दूरच्या ठिकाणी पोहोचे, तेव्हा पाठविणारा समोर नसे. पत्राच्या माथ्यावरील शिक्का हे पत्र कोणाचे ते सांगे. मजकूर संपतो तेथे उमटविलेले मोर्तब याहून सूक्ष्म काम करी : येथे लेखन संपले, याखाली कोणी ओळ वाढविल्यास ती आमची नव्हे. पाठविणाऱ्याची खात्री आणि मजकुराच्या अखंडतेची खात्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या चिटणिसांस ठाऊक होते. टेलनेटमध्ये यांतील एकही नव्हती, आणि लिफाफाही नव्हता.

हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील टाटू युलोनेन यांना हे १९९५ मध्ये अनुभवास आले. विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी एक आज्ञावली लपवून ठेवली होती. वाटेने जाणारे परवलीचे शब्द ती टिपून घेई आणि हजारो शब्द तिने टिपले होते. युलोनेन यांनी काही महिन्यांत एसएसएच नावाची पद्धती लिहून काढली व त्या जुलैत ती सर्वांस विनामूल्य दिली. तिची कळ जोडकिल्ल्यांच्या गणितात आहे. १९७० च्या दशकात सापडलेल्या या गणितानुसार प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असतात. एक उघड, जी चव्हाट्यावर लावली तरी चालते. दुसरी खासगी, जी कधीच घराबाहेर जात नाही. खासगी किल्लीने केलेली खूण उघड किल्लीने तपासता येते, पण उघड किल्लीवरून खासगी किल्ली घडविणे व्यवहारात अशक्य. यामुळे गुपित न सांगता गुपित आपल्यापाशी आहे हे सिद्ध करता येते. शिवाय दूरचे यंत्रही आपली ओळख अशाच खुणेने पटवून देते, प्रत्येक तुकड्यास त्याचे मोर्तब असते आणि सारा मजकूर वाटेतील कोणासही वाचता न येणाऱ्या लिपीत जातो. युलोनेन यांनी या पद्धतीसाठी जाळ्यावरील दाराचा २२ हा क्रमांक मागितला, कारण २३ हा टेलनेटचा आणि २१ हा फाइली पाठविण्याचा. मधला रिकामा होता. तो क्रमांक दिल्याचे पत्र आले जॉइस रेनॉल्ड्स यांचे. टेलनेटचे नियम ज्यांच्या नावे प्रसिद्ध झाले त्याच विदुषींनी त्याच्या वारसदारास शेजारचे दार नेमून दिले. वर्षअखेर पन्नास देशांत सुमारे वीस हजार लोक ही पद्धती वापरीत होते; आज जगातील बहुसंख्य सर्व्हर याच दाराने चालविले जातात.

तरीही गणिताला एक जागा भरता येत नाही. दूरच्या यंत्राची पहिल्यांदा गाठ पडते तेव्हा पद्धती विचारते : या यंत्राची किल्ली अशी अशी आहे, ही ओळखीची आहे काय ? पुष्कळ जण न वाचताच ‘होय’ असे टंकतात.

हे ‘होय’ आता आपल्या घरांतही आले आहे. दुसऱ्याच्या संगणकाचा पडदाच आपल्या पडद्यावर पाहून तो चालविण्याची साधने १९९० च्या दशकात सर्वत्र पसरली. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेतील व्हीएनसी हे त्यांतील एक, १९९८ मध्ये सर्वांस खुले केलेले. मुलगा परदेशी आणि आईवडील इंदुरात, अशा घरांत या साधनांचे मोल मोठे आहे. आईच्या संगणकातील बिघाड मुलगा तेथूनच काढतो. नेमका याच सोयीचा आधार ठकांनी घेतला. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्क या साधनाच्या नावानिशी इशारा दिला. त्या साधनात मुळात काही खोट नव्हती. बँकेतून बोलतो असे सांगणारा माणूस ते उतरवून घ्यावयास लावी, पडद्यावर आलेला नऊ आकडी क्रमांक विचारून घेई, परवानगीची कळ दाबावयास सांगे, आणि मग खात्यातील रक्कम नेई. कुलूप शाबूत, लिपी शाबूत, मोर्तब शाबूत. दार घरधन्यानेच उघडलेले. फसलेल्यांना हसण्याची एक रीत पडली आहे, ती मला क्रूर वाटते. वडीलधाऱ्या आवाजात, आदराने ‘काका’ म्हणून बोलणाऱ्यावर अविश्वास दाखविणे आपल्याला कोणी शिकविलेले नाही.

आणि तज्ज्ञही यातून सुटले नाहीत. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते एका माहितीकोशाच्या वेगाची मोजमापे घेत होते. दूरच्या यंत्रात एसएसएचने प्रवेश करताना पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे त्यांच्या ध्यानी आले. अर्धा सेकंद ! स्टोल यांच्या ७५ सेंटांचाच हा भाऊ. फ्रॉइंड यांनीही तो सोडून दिला नाही. शोध घेता आढळले की फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या निरुपद्रवी संग्रहाच्या नव्या आवृत्तींत, ज्यावर काही प्रणालींतील एसएसएच अप्रत्यक्षपणे विसंबून असे, एक चोरवाट दडविली होती. २९ मार्च रोजी त्यांनी ती जाहीर केली. नवी आवृत्ती तेव्हा बहुतेक सर्व्हरांपर्यंत पोहोचावयाची होती.

ही चोरवाट कोणी बाहेरून फोडलेली नव्हती. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कोणी २०२१ पासून त्या संग्रहाच्या कामास हातभार लावला, थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा भार हलका केला, हळूहळू त्याचा विश्वास संपादिला आणि अखेर नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळविला. त्या चोरवाटेलाही कुलूप होते, हे विशेष. एसएसएचसारख्याच जोडकिल्लीच्या गणिताने ती बंद केलेली होती आणि एका ठरावीक खासगी किल्लीवाचून कोणासही ती उघडणारी नव्हती. ती किल्ली ज्याच्यापाशी होती त्या माणसाचे, किंवा त्या मंडळींचे, खरे नाव आजतागायत उघड झालेले नाही.